सुगरणीची अंडी किती दिवसांत फुटतात? पक्ष्यांचा जीवनक्रम ऑनलाइन शोधण्याची रीत

दर पावसाळ्यात आमच्या निसर्गगटाची एक छोटी पुस्तिका निघते. गावाभोवतीचे वीस-पंचवीस पक्षी, प्रत्येकाला एक पान. पानं सभासद लिहितात, तपासायचं काम माझ्याकडे. मागच्या खेपेला सुगरणीवर तिघांनी पानं पाठवली. एकात अंडी फुटायला १० दिवस, दुसऱ्यात १४ ते १७, तिसऱ्यात तीन आठवडे. कुठून घेतलं म्हणून विचारलं, तर तिघांचं उत्तर एकच: "नेटवर होतं."

नेटवर होतंच. चूक शोधण्यात नव्हती, क्रमात होती. बहुतेक जण आधी प्रश्न टाकतात, पहिला दिसेल तो आकडा उचलतात आणि मग त्याला चिकटवायला एखादा स्रोत शोधतात. काम नेमकं उलट्या बाजूने करायचं असतं. खाली सुगरणीचंच उदाहरण धरून तो क्रम लिहिला आहे. पक्षी बदलला तरी पायऱ्या त्याच.

## पूर्वतयारी

मोबाइलवर हे काम करू नका. एकाच वेळी चार-पाच पानं उघडी ठेवून त्यांत तुलना करावी लागते, आणि जुन्या नियतकालिकांची स्कॅन केलेली पानं छोट्या पडद्यावर वाचवत नाहीत. संगणक घ्या आणि एका पक्ष्यासाठी निवांत दोन-तीन तास राखून ठेवा.

अमेरिकेतल्या कॉर्नेल पक्षिविज्ञान प्रयोगशाळेचं मोफत खातं आधीच काढून ठेवा. त्या एकाच खात्यावर ई-बर्ड (लोकांनी पाहिलेल्या पक्ष्यांच्या नोंदी), मर्लिन (पक्षी ओळखायचं अ‍ॅप), मॅकॉले लायब्ररी (फोटो आणि आवाजांचा संग्रह) आणि बर्ड्स ऑफ द वर्ल्ड (प्रत्येक प्रजातीची सविस्तर माहिती) ही सगळी दारं उघडतात. यातलं बर्ड्स ऑफ द वर्ल्ड मुळात वर्गणीचं आहे. काही देशांना आणि संस्थांना तिथे मोफत किंवा सवलतीत प्रवेश असतो. पैसे भरायच्या आधी त्यांचं प्रवेशाचं पान उघडा आणि भारतातल्या वाचकांसाठी सध्या काय सोय आहे ते वाचा. हे न बघता कार्ड काढणारे मी पाहिले आहेत.

मग एक तक्ता आखा. वहीत किंवा एक्सेलमध्ये, कुठेही. रकाने असे: बाब, आकडा, कुठल्या जागेची नोंद, कुठल्या साली, किती घरटी पाहून, मोकळ्या रानातली की पिंजऱ्यातली, कुठे वाचलं, कुठल्या तारखेला वाचलं.

यातला "कुठल्या जागेची नोंद" हा रकाना सगळे रिकामा सोडतात, आणि घोटाळा सुरू होतो तो तिथूनच. श्रीलंकेतला आकडा सोलापूरच्या पक्ष्याला लावला जातो, युरोपातल्या चिमणीचा हंगाम साताऱ्याच्या चिमणीला.

## टप्पा १: नाव पक्कं करा

प्रश्न विचारायचा तो एका शास्त्रीय नावाला. मराठी नावाला विचारायचा नाही.

मराठी नावं गोड आहेत, पण ती एका पक्ष्यापुरती थांबत नाहीत. नुसतं "बुलबुल" म्हटलं तर लालबुड्या की शिपाई? "सातभाई" ही हाक महाराष्ट्रात निदान तीन वेगळ्या पक्ष्यांना मारली जाते. "राघू" म्हणजे पोपट, पण "वेडा राघू" पोपटाच्या आसपासही नाही, तो माश्या-मधमाश्या टिपणारा पक्षी. सुगरणीचंही तसंच. आपली नेहमीची सुगरण म्हणजे प्लोसियस फिलिपिनस. महाराष्ट्रात तिच्या आणखी दोन बहिणी सापडतात: छातीवर रेघा असलेली प्लोसियस मन्यार आणि छातीवर काळा पट्टा असलेली प्लोसियस बेंगालेन्सिस. या दोघी पाणथळीतल्या लव्हाळ्यात, उंच गवतात घरटी विणतात. बाभळीला किंवा शिंदीच्या झावळ्यांना लांब नळीचे खोपे लटकलेले असतील, तर ती बहुधा पहिली.

करायचं असं:

१. ई-बर्डच्या पसंतीच्या पानावर पक्ष्यांची नावं मराठीत दाखवायची सोय आहे. मराठी नाव टाकून पक्षी शोधा, फोटो जुळतो का बघा आणि शास्त्रीय नाव रोमन लिपीत जसंच्या तसं उतरवून घ्या.

२. ते नाव अव्हिबेस या संकेतस्थळावर टाका. डेनिस लेपाज यांनी १९९२ पासून उभं केलेलं हे भांडार पक्ष्याची जगभरच्या भाषांतली नावं देतं. आपल्याला त्याहून महत्त्वाची आहेत ती जुनी शास्त्रीय नावं. सगळी लिहून घ्या. सुगरण जुन्या इंग्रजी ग्रंथांत प्लोसियस बाया म्हणून आहे. रानातला सातभाई आज अर्ग्या स्ट्रायाटा, काल-परवापर्यंत टर्डॉइडिस स्ट्रायाटा होता, आणि १९व्या शतकात क्रॅटरोपस कॅनोरस. ही नावं हातात नसली तर चौथ्या टप्प्यात काहीच सापडणार नाही, आणि तुम्ही "या पक्ष्यावर काही लिहिलेलंच नाही" असं ठरवून मोकळे व्हाल.

३. या प्रजातीचे अलीकडे तुकडे झालेत का, ते बघा. ही पायरी नव्याने शिकणारे हमखास गाळतात. वेडा राघू पूर्वी आफ्रिकेपासून व्हिएतनामपर्यंत एकच प्रजाती धरला जाई. आता आफ्रिकेतला वेगळा, अरबस्तानातला वेगळा आणि आपला मेरॉप्स ओरिएंटॅलिस वेगळा. गायबगळ्याचे पश्चिमेकडचा आणि पूर्वेकडचा असे दोन झाले, आपला पूर्वेकडचा. तुकडे होण्याआधी लिहिलेल्या मजकुरात सगळ्यांची माहिती एकाच कढईत शिजलेली असते. ती वाचताना प्रत्येक वाक्य कुठल्या मुलखातलं आहे ते वेगळं काढावं लागतं.

वेगवेगळ्या संस्थांच्या प्रजातीयाद्या आजवर एकमेकींशी जुळत नसत. त्या जुळाव्यात म्हणून जून २०२५ मध्ये अ‍ॅव्हिलिस्ट ही एकत्रित जागतिक यादी आली. तरी जुनी पानं जुन्या नावानेच राहणार, तेव्हा नावांची वही लागणारच.

तपासा: तुमच्याकडे एक आजचं शास्त्रीय नाव, निदान एक जुनं नाव, आणि "तुकडे झाले / झाले नाहीत" असं उत्तर आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: प्रश्न बारीक करा

"जीवनक्रम" हा एक प्रश्न नाही, त्यात डझनभर प्रश्न आहेत. विणीचे महिने, घरट्याची जागा, घरटं कोण बांधतं, एका खेपेला अंडी किती, उबवणं कोण करतं आणि किती दिवस, पिल्लं घरट्यात किती दिवस, घरटं सोडल्यावर आई-बाप किती दिवस भरवतात, वर्षात खेपा किती, पहिली वीण कितव्या वर्षी, पिसं कधी झडतात, पक्षी किती जगतो. यातलं नेमकं काय हवंय ते आधी लिहा.

शब्दांचे अर्थ ठरलेले आहेत, आणि तिथेच माणसं घसरतात:

उबवण्याचा काळ शास्त्रात साधारणपणे शेवटचं अंडं घातल्यापासून ते शेवटचं पिल्लू बाहेर येईपर्यंत मोजतात. पहिल्या अंड्यापासून मोजलं तर आकडा आपोआप दोन-चार दिवसांनी फुगतो. गव्हाणी घुबडासारखा पक्षी तर पहिल्या अंड्यापासूनच बसायला लागतो, म्हणून त्याच्या घरट्यात एकाच वेळी लहान-मोठी पिल्लं दिसतात. तिथे "घरट्यात अंडी किती दिवस होती" आणि "एक अंडं किती दिवस उबवलं" ही दोन वेगळी उत्तरं आहेत.

अंड्यांची संख्या आणि पिल्लांची संख्या एक नव्हे. "दोन पिल्लं दिसली" यावरून "दोन अंडी घालते" असं लिहायचं नाही.

पिढीचा काळ हा शब्द लाल यादीच्या (धोक्यात आलेल्या प्रजातींची जागतिक यादी) आणि बर्डलाइफ या पक्षिसंरक्षण संस्थेच्या पानांवर दिसतो. तो म्हणजे पक्ष्याचं आयुष्य नव्हे. सध्या पिल्लं घालत असलेल्या पक्ष्यांचं सरासरी वय, असा साधारण त्याचा अर्थ. "पिढीचा काळ ४ वर्षं" यावरून "हा पक्षी ४ वर्षं जगतो" असं लिहिलेलं पान मी दर वर्षी एकदा तरी परत पाठवतो.

थांबा: आयुष्याचे आकडे पाहिलेत तर ते पिंजऱ्यातले की ओळखीसाठी पायात कडी घालून सोडलेल्या मोकळ्या पक्ष्यांचे, हे लगेच लिहा. शिवाय कडी घातलेल्या पक्ष्याचं सर्वांत मोठं वय हा विक्रम असतो, सरासरी नाही.

## टप्पा ३: मुख्य नोंद वाचा, पण शेवटून

आता बर्ड्स ऑफ द वर्ल्ड उघडा. २०२० साली कॉर्नेलने उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांचा आपला जुना संग्रह आणि स्पेनमधल्या लिंक्स प्रकाशनाचा जागतिक पक्ष्यांचा ग्रंथ असे मोठे साठे एकत्र करून हे उभं केलं. म्हणूनच इथल्या नोंदी एकसारख्या नाहीत, आणि हे कळलं नाही तर वाचणारा फसतो.

अमेरिकेत आढळणाऱ्या पक्ष्यांच्या नोंदी पुस्तकाएवढ्या लांब आहेत. आपल्याकडच्या कित्येक पक्ष्यांच्या नोंदी जुन्या ग्रंथातून आलेल्या, परिच्छेद-दोन परिच्छेदांच्या. लांब नोंद बघून हुरळू नका. चिमणीची किंवा गायबगळ्याची नोंद भरघोस दिसते, कारण ते पक्षी अमेरिकेत पोचले आणि तिथे त्यांचा अभ्यास झाला. त्यातला विणीचा हंगाम टेक्सासचा असेल, आपल्या कामाचा नाही.

वाचायचा क्रम माझा असा आहे:

१. आधी नोंदीची आवृत्ती, तारीख आणि लेखक. १.० आवृत्ती असेल तर बहुधा जुन्या ग्रंथातला मजकूर जवळपास तसाच आहे.

२. मग संदर्भांची यादी. तिच्यात भारतातले, निदान दक्षिण आशियातले अभ्यास आहेत का? एकही नसेल, तर खालचे आकडे आपल्या पक्ष्याचे असण्याची शक्यता कमी.

३. त्यानंतर विणीचा विभाग. हंगाम, घरट्याची जागा, घरटं, अंडी, उबवणं, पिल्लं, पालकांची देखभाल असे उपविभाग असतात.

४. एका खेपेची अंडी किती, वर्षात किती खेपा, पहिली वीण कितव्या वर्षी, हे लांब नोंदींत विणीच्या विभागात सापडत नाही. ते लोकसंख्येच्या विभागात असतं. "माहितीच नाही" म्हणून पान बंद करणाऱ्यांची संख्या यामुळेच मोठी आहे.

५. प्रत्येक आकड्याशेजारी संदर्भाचा क्रमांक आहे का बघा. असेल तर तो क्रमांक तक्त्यात उतरवा. नसेल तर तक्त्यात आकड्यापुढे प्रश्नचिन्ह.

सुगरणीसाठी या टप्प्यावर तक्त्यात साधारण असं जमतं: वीण मुख्यतः पावसाळ्यात, एका खेपेला २ ते ४ पांढरी अंडी, उबवणं मादीचं, काळ १४ ते १७ दिवस, पिल्लं साधारण १७ दिवसांनी घरटं सोडतात. खोपा विणतो नर. नाव स्त्रीलिंगी आणि कौतुकही तिच्याच सुगरणपणाचं, म्हणून "मादी खोपा विणते" हे वाक्य आमच्याकडे दर वर्षी येतं. मराठीच्या व्याकरणाने घातलेला हा घोळ आहे, पक्ष्याने नव्हे.

विकिपीडियाचं काय? वापरा, पण तळटिपांसाठी. आकडा तिथून उचलायचा नाही, तळटीप उचलायची. गप्पा मारणाऱ्या यंत्रांकडून, म्हणजे चॅटबॉटकडून, तळटीपही घ्यायची नाही. कधीच न छापलेल्या लेखाचं नाव, अंक आणि पानसुद्धा ती छान बेतून देतात.

## टप्पा ४: मूळ नोंदीपर्यंत जा

हा टप्पा सगळ्यांत जास्त वेळ खातो. गंमतही इथेच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या हाताने आलेला आकडा इथे पहिल्या हाताचा होतो.

शोधायच्या जागा तीन.

आशीष पित्ती यांची दक्षिण आशियाई पक्षिविज्ञानाची ऑनलाइन संदर्भसूची. पक्ष्याचं नाव, लेखक, जागा यांवरून कोणी, कधी, कुठे लिहिलं हे कळतं. इथे मजकूर शोधायचा नसतो, पत्ता शोधायचा असतो. जागेच्या नावाने शोधून बघा. आपल्या जिल्ह्यावर कोणी काय लिहून ठेवलंय ते पाहताना दुपार कधी सरते कळत नाही.

बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी आणि इंटरनेट आर्काइव्ह. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं जर्नल १८८६ पासून निघतंय. त्याचे ढीगभर जुने खंड इथे स्कॅन करून मोफत ठेवलेले आहेत. ब्रिटिश काळातले पक्षिअभ्यासक ए. ओ. ह्यूम यांचं भारतीय पक्ष्यांच्या घरटी-अंड्यांवरचं काम आणि त्यांनी काढलेलं स्ट्रे फेदर्स हे नियतकालिकही इथेच मिळतं.

इंडियन बर्ड्स. आजच्या निरीक्षकांच्या नोंदी छापणारं नियतकालिक, अंक मोफत वाचता येतात.

सुगरणीच्या बाबतीत वाट सरळ आहे. सलीम अली यांनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींची वसाहत दिवसेंदिवस बसून पाहिली आणि ते निरीक्षण १९३१ साली जर्नलमध्ये छापलं. नर अर्धा खोपा विणतो, हेल्मेटसारखा. मादी येऊन बघते. पसंत पडला तर ती तिथे राहते, नर तो पुरा करतो आणि लगेच शेजारी दुसऱ्या मादीसाठी नवा खोपा घ्यायला लागतो. एका नराचे असे दोन-तीन संसार. पुढे १९६० मध्ये जॉन क्रूक यांनी आणि १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठाकडून व्ही. सी. आंबेडकर यांनी सुगरणींच्या विणीवर तपशिलात लिहिलं. म्हणजे कोकणातल्या माणसाला सुगरणीची माहिती घ्यायला परदेशी पानावर अवलंबून राहायची गरजच नाही, ती घराशेजारी जमवली गेली आहे.

जुना मजकूर वाचताना चार गोष्टी सांभाळा:

- शोध घेताना पहिल्या टप्प्यातली जुनी नावं टाका. आजचं नाव टाकून १८९० सालचा मजकूर सापडत नाही.
- गावांची स्पेलिंगं जुनी असतात. पुणे, सोलापूर, खानदेश, अहमदनगर हे सगळे साहेबी उच्चारात लिहिलेले असतात. दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा.
- अंड्यांची मापं इंचांत असतात. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. कॅलक्युलेटरवर करा, तोंडी नको. दशांशचिन्हाच्या आधीचं शून्य जुन्या छपाईत गाळलेलं असतं, हेही लक्षात असू द्या.
- स्कॅनवरून यंत्राने काढलेला मजकूर चुकतो: ३ चा ८, १ चा ७. आकडा नेहमी मूळ पानाच्या चित्रावरून उतरवा.

थांबा: जुनं म्हणजे खरं असं नाही. स्टुअर्ट बेकर यांचे भारतीय पक्ष्यांच्या विणीवरचे चार खंड (१९३२ ते १९३५) भरगच्च आहेत, पण त्यांच्या अंड्यांच्या संग्रहातल्या नोंदींच्या खरेपणावर पुढच्या अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. एखादा आकडा फक्त तिथेच सापडत असेल, तर तक्त्यात त्याच्यापुढे तसं लिहा.

मूळ लेख ऑनलाइन मिळालाच नाही, तर मुंबईत हॉर्नबिल हाउसमध्ये सोसायटीचं ग्रंथालय आहे. लेखाचं नाव, खंड आणि पान हातात घेऊन जा. "सुगरणीवर काही आहे का?" असं विचारत गेलात तर दिवस वाया जाईल, तुमचा आणि ग्रंथपालांचाही.

## टप्पा ५: आपल्या भागाशी ताडून बघा

ग्रंथात "वीण एप्रिल ते सप्टेंबर" असं लिहिलेलं असतं ते साऱ्या देशाचं. तुमच्या तालुक्यात काय होतं ते ई-बर्डवरून अंदाजता येतं, घाई केली नाही तर.

ई-बर्डवर जिल्हा निवडून पट्टीचा तक्ता उघडा. प्रत्येक महिन्याचे चार भाग, वर्षाचे ४८. पट्टी जितकी जाड, तितक्या जास्त टक्के याद्यांत (एका फेरीत दिसलेल्या पक्ष्यांची नोंद म्हणजे एक यादी) तो पक्षी नोंदला गेला. पट्टी पक्ष्यांची संख्या दाखवत नाही, लोकांना तो किती वेळा दिसला हे दाखवते. सुगरणीचा तक्ता हा यातला धडाच आहे. पावसाळ्यात पट्टी जाड, हिवाळ्यात बारीक. म्हणून एका हौशी सभासदाने लिहिलं, "सुगरण हिवाळ्यात स्थलांतर करते." सुगरण कुठे जात नाही. विणीबाहेर नराचा पिवळा मुकुट आणि काळपट तोंडवळा उतरतो, तो चिमणीच्या मादीसारखा दिसायला लागतो, खोप्यांपासचा कलकलाट थांबतो, आणि थवे शेतात पांगतात. पाहणाऱ्यालाच तो ओळखू येत नाही.

पट्टीवर विश्वास ठेवण्याआधी तक्ता डाउनलोड करा. वरच्या ओळीत प्रत्येक आठवड्याच्या याद्यांची संख्या असते. पाच-सात याद्यांवर उभी असलेली पट्टी वाऱ्यावरची आहे.

विणीच्या खुणांसाठी याद्यांतले विणीचे संकेत बघा: घरट्याचं सामान नेताना, चोचीत अन्न नेताना, पिल्लांना भरवताना. मॅकॉले लायब्ररीत महिना, राज्य, वय, घरटं, अंडं अशा चाळण्या लावून फोटो शोधता येतात. ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात काढलेला, पिल्लाला भरवणाऱ्या मादीचा फोटो हा ठोस पुरावा आहे. आवाजासाठी झेनो-कँटो बघा. तिथे ध्वनिमुद्रणांना अ ते इ अशी प्रत दिलेली असते (रोमन ए ते ई), आणि गाणं की हाक हे नोंदलेलं असतं. गाणं ऐकू आलं म्हणजे वीण चालू आहे, असं मात्र धरू नका.

सुगरणीबाबत आणखी एक सापळा. सुकलेले खोपे झाडाला कित्येक महिने लटकून राहतात. शिवाय मादीला पसंत न पडलेले अर्धवट खोपेही तसेच राहतात. जानेवारीतला खोप्यांचा फोटो हा जानेवारीतल्या विणीचा पुरावा नाही. विणीचा पुरावा खोपा नसतो, खोप्यात ये-जा करणारा पक्षी असतो.

तपासा: एखादी बाब तुमच्या जिल्ह्यात "नाही" असं दिसतंय का? तिथे कोणी बघायला गेलं होतं का, हे आधी बघा. पाहिलं नाही आणि नाही, या दोन गोष्टी वेगळ्या.

पक्षी घटतोय की वाढतोय, हा प्रश्न असेल तर पट्टीवरून अंदाज बांधू नका. त्यासाठी स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्सचा अहवाल आहे. २०२३ च्या अहवालात ९४२ प्रजातींचा विचार झाला आहे आणि प्रत्येकीचं स्वतंत्र पान ऑनलाइन आहे.

## टप्पा ६: आकडे भांडले तर

भांडणारच. अशा वेळी सर्रास होणारी चूक म्हणजे सरासरी काढणं. १० आणि २१ ची सरासरी साडेपंधरा येते आणि ती योगायोगाने बरोबर वाटते, पण ती कुठल्याच घरट्यातली नाही.

तक्त्याचे रकाने आता कामाला येतात. पहिल्यांदा पिंजऱ्यातले आकडे बाजूला काढा. मग किती घरटी पाहिली ते बघा: एका घरट्यावरचा आकडा आणि तीस घरट्यांवरचा आकडा यांना एका पंगतीला बसवायचं नाही. मग मोजलं कसं ते: पहिल्या अंड्यापासून की शेवटच्या? रोज बघून की आठवड्याने एकदा? शेवटी जागा. एवढं केल्यावर बहुतेक भांडणं मिटतात. आमच्या तीन पानांपैकी "१० दिवसां"चं मूळ शोधत गेलो, तर तो आकडा एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर असा नकलत आलेला निघाला, आणि पहिल्या जागी कुठलाच संदर्भ नव्हता. "तीन आठवडे" हा उबवण्याचा आणि पिल्लं घरट्यात असण्याचा काळ यांची सरमिसळ होती. राहिले १४ ते १७.

चार संकेतस्थळांवर एकच आकडा म्हणजे चार पुरावे नव्हेत. वाक्यरचना सारखी असेल तर तो एकच पुरावा, चार वेळा उतरवलेला.

## टप्पा ७: लिहिताना

आकडा एकटा सोडू नका. "अंडी १४ दिवसांत फुटतात" ऐवजी "अंडी साधारण १४ ते १७ दिवस मादी उबवते" असं लिहा आणि शेजारी कंसात कुठून घेतलं, कोणती आवृत्ती, कुठल्या दिवशी पाहिलं ते द्या. ऑनलाइन नोंदी बदलतात. आज वाचलेलं वाक्य पुढच्या वर्षी तिथे नसेल.

फोटो आणि आवाज उचलताना परवाना बघा. मॅकॉले लायब्ररीतला फोटो दिसतो म्हणून छापता येत नाही, परवानगी घ्यावी लागते. झेनो-कँटोवर प्रत्येक ध्वनिमुद्रणाखाली परवाना लिहिलेला असतो, आणि त्यांतले बरेच पैसे मिळवण्याच्या कामाला मनाई करणारे असतात. पुस्तिका विकणार असाल तर हे आधी मिटवा.

घरट्याची नेमकी जागा छापू नका, नकाशावर टाचणी तर अजिबात नको. माळढोकासारख्या पक्ष्यांच्या जागा ई-बर्ड स्वतःच लपवतं. बाकीच्यांच्या बाबतीत ती जबाबदारी तुमची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं शिकारीच्या व्याख्येत धरलेलं आहे. "फक्त फोटोसाठी फांदी बाजूला केली" हे उत्तर तिथे चालत नाही.

आणि रकाना रिकामा राहिला, तर रिकामाच ठेवा. "आमच्या भागातली नोंद सापडली नाही" हे वाक्य पुस्तिकेत खुशाल छापा. सुगरणीच्या पानावर आम्ही गेल्या वर्षी तेच छापलं: तालुक्यात पहिला खोपा कधी घेतला जातो, याची कुठेही नोंद नाही. यंदा मे अखेरीस विहिरीवरच्या दोन बाभळी ठरवून टाकल्या आहेत. दर रविवारी सकाळी, बांधापलीकडून, दुर्बिणीने, वीस मिनिटं. नवे खोपे किती, हेल्मेटच्या अवस्थेत किती, नळी उतरलेले किती, चोचीत अन्न घेऊन मादी आत गेली का. घरी आल्यावर ई-बर्डवर यादी, विणीच्या संकेतासकट.